वीस मोजेपर्यंत

जरा कल्पना करा. तुमच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत येणारे जाड रबरी हातमोजे आहेत. बाहेरून ते ओले आहेत, आत घाम साचलाय. समोर कपाटाएवढं धुण्याचं यंत्र आहे आणि शेजारच्या भिंतीवर पाटीएवढी काचेची स्क्रीन. स्क्रीन तुम्हाला काहीतरी विचारते आहे. उत्तर द्यायचं तर मोजे काढायला हवेत, कारण रबराचं बोट त्या काचेला कळत नाही. काढा बघू. एक निघाला. दुसरा मनगटाशी चिकटलाय, ओढा. आता हात धुवा, पुसा, स्क्रीनकडे या. मी इकडे आकडे मोजतोच आहे. अठरा, एकोणीस, वीस. संपलं. स्क्रीन पहिल्या पानावर गेली. तुम्ही आधी दिलेली उत्तरंही गेली. घाला परत मोजे.

नुसत्या कल्पनेनेच कंटाळा आला ना? ज्या बाईची ही गोष्ट आहे, तिच्यावर दिवसातून दहा-बारा वेळा ही पाळी यायची. ही बाई म्हणजे एका मुलीची मावशी, म्हणून आपणही तिला मावशीच म्हणू. मुलगी होती दहा वर्षांची. एका जागी बसणं तिला माहीत नव्हतं, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणायचे. सगळे म्हणजे तरी कोण, आई आणि मावशी. घरात या तिघीच राहायच्या.

मावशी एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात कामाला होती. या धुलाईघराच्या मधोमध एक भिंत होती आणि सगळी यंत्रं त्या भिंतीत बसवलेली होती. मळके कपडे भिंतीच्या एका बाजूने आत जायचे, धुतलेले दुसऱ्या बाजूने बाहेर यायचे. मळक्या बाजूचं माणूस स्वच्छ बाजूला जायचं नाही, असा कडक नियम. मावशी एकोणीस वर्षं मळक्या बाजूला, दोन नंबरच्या यंत्रावर. रोग्यांच्या चादरी, अंगरखे, ऑपरेशनच्या खोलीतली कापडं पोत्यांतून यायची. तीन पोती आत ढकलायची, दार लावायचं, यंत्र चालू करायचं. मग पाऊण तास ते गरगरत असे तेव्हा मावशी स्टुलावर बसून पाय पालथ्या बादलीवर ठेवायची. तिचे गुडघे कामातून गेले होते. या पाऊण तासाच्या बसण्यावरच तिची नोकरी चालली होती म्हणा ना.

आणि आई? आई सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत होती. ती प्रोग्रॅम लिहायची नाही. स्क्रीनवर आधी काय विचारायचं, नंतर काय, बोट कुठे ठेवायचं, चुकलं तर माघारी कसं फिरायचं, हे सगळं ठरवणं हे तिचं काम. या कामाला इंटरॅक्शन डिझाइन असं भारदस्त नाव आहे. आई मात्र म्हणायची, माणूस आणि यंत्र यांचं बोलणं जुळवून देणारी मी मध्यस्थ. कंपनीतले लोक तिला गमतीने रंगारीण म्हणत. कारण त्यांची अशी समजूत होती की प्रोग्रॅम लिहून झाला, सगळं तयार झालं, की ही येते आणि बटणांना रंग देते. तिला बोलवायचेही तेव्हाच. वरातीमागून घोडं म्हणतात, तसं. तिने चारदा सांगून पाहिलं, की बाबांनो, आधी विचारा, नंतर लिहा. पाचव्यांदा सांगायचा तिला कंटाळा आला होता.

आईच्या धंद्यात एक नियम आहे, तो भिंगरीलाही पाठ होता. आपण आखलेली स्क्रीन कुणी पहिल्यांदा वापरायला घेतली, की शेजारी बसायचं, दोन्ही हात मांडीखाली दाबायचे आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. ‘अहो, ते वरचं बटण’ असंही म्हणायचं नाही. कारण उद्या त्या माणसाच्या शेजारी आपण बसलेले नसणार. तो अडखळला तर अडखळू द्यायचा आणि कुठे अडखळला ते बघायचं. ऐकायला सोपा आहे नियम. करून बघा एकदा.

धुलाईघराच्या यंत्रांना नव्या स्क्रीन लावायचं काम आईच्याच कंपनीला मिळालं होतं. स्क्रीन दोन गोष्टी विचारायची. पहिल्या पानावर कापड कुठलं, आणि दुसऱ्या पानावर तीन पोत्यांची तीन वजनं. त्यावरून यंत्र स्वतःच साबण आणि जंतू मारायचं औषध मोजून घेणार. इस्पितळाची एक अट होती. कुणी अर्धवट भरून निघून गेलं आणि दुसऱ्याच कुणी पुढे चालू केलं, असं होता कामा नये. म्हणून वीस सेकंद कुणी हात लावला नाही तर स्क्रीनने बंद व्हावं आणि पुन्हा ओळखपत्र टेकवल्यावरच उघडावं. प्रोग्रॅमरने तसं लिहिलं. उघडल्यावर कुठलं पान दाखवायचं हे कुणी बोललं नव्हतं, म्हणून त्याने पहिलं दाखवलं.

मळक्या बाजूला जाऊन बघायची परवानगी यायला तीन आठवडे लागणार होते. तेवढा वेळ नव्हता, आणि घरातल्या बहिणीलाच विचारावं हे त्या घाईत सुचलं नाही. तेव्हा आईने कंपनीतल्याच चौघांना आणि दारावरच्या पहारेकऱ्याला टेबलापाशी बसवून स्क्रीन वापरायला दिली. पोत्यांची वजनं एका कोऱ्या कागदावर सुरेख छापून शेजारी ठेवली. ती नियमाप्रमाणे हात मांडीखाली घेऊन बसली. पाचही जणांनी आठ सेकंदांत काम उरकलं. पहारेकरी तर म्हणाला, एवढंच? सगळ्यांना वाटलं, वीस म्हणजे चिक्कार झाले. आईलाही वाटलं. ती फार थकली होती आणि थकलेल्या माणसाला ‘चालेल’ हा शब्द फार गोड लागतो.

स्क्रीन लागून पंधरा दिवस झाले आणि धुलाईघराच्या मुकादमबाईंनी कुणाचं काम पुरं, कुणाचं अर्धवट याची यादी पाहिली. सोळा बायकांपैकी पंधराजणींचं काम सुरळीत होतं. एकीचं मात्र सारखं अर्धवट, पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा अर्धवट. ती म्हणजे मावशी. मुकादमबाई काही वाईट नव्हत्या. त्यांनी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की शनिवारी मी स्वतः येऊन बघेन, तोवर जमलं तर ठीक, नाहीतर घड्या घालायच्या दालनात बदली करावी लागेल. घड्या घालायच्या म्हणजे आठ तास उभं राहायचं. मावशी ‘बरं’ म्हणाली आणि जिन्याच्या कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरली.

घरी तिने हे आईला सांगितलं नाही. कसं सांगणार? स्क्रीन धाकट्या बहिणीने आखलेली. आपल्याला जमत नाही म्हणणं म्हणजे एक तर स्वतःला ढ ठरवायचं, नाहीतर तिच्या कामाला नावं ठेवायची. सोमवारी भिंगरी शाळेतून आल्यावर मावशीने तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, मला ते स्क्रीनचं शिकवशील का, आणि आईला कळता कामा नये.

भिंगरीने बुटांचं खोकं कापलं. पुठ्ठ्यावर पहिलं पान काढलं, दुसरं काढलं, बटणं रंगवली. यंत्र ती स्वतःच झाली. मावशीने बटणावर बोट ठेवलं की ही पान बदलायची. मोठ्या कंपन्यांतही स्क्रीन आधी अशाच कागदावर काढून खेळून बघतात, हे तुम्हाला म्हणून सांगतो. सोमवारी मावशीचं एकदाही चुकलं नाही. मंगळवारी तर ती भिंगरीच्या आधीच पुढचं पान सांगू लागली. आणि दोन्ही दिवस कामावर मात्र तेच रडगाणं.

मंगळवारी संध्याकाळी मावशी पलंगाच्या कडेवर बसून गुडघ्याला तेल लावत होती. म्हणाली, “घरी येतं आणि तिथे येत नाही. म्हणजे डोक्यात बटाटेच भरलेत माझ्या. नाचता येईना अंगण वाकडं, असंच म्हणणार ना लोक.”

आता इथे जरा थांबा. तुम्ही भिंगरी असता तर काय म्हणाला असता? बहुतेक जण म्हणतील, नाही गं मावशी, तू हुशार आहेस. भिंगरी तसं काही म्हणाली नाही. तिला प्रश्न पडला होता. एकच माणूस, एकच स्क्रीन, मग घरी आणि तिथे वेगळं काय आहे? ती म्हणाली, उद्या तू तिथे जे जे करतेस ते सगळं इथे करून दाखव. नुसतं बटणांचं नाही. सगळं.

बुधवारी दुपारी त्यांनी जेवणाचं टेबल भिंतीला लावलं. भिंतीला टेकवून पुठ्ठ्याची स्क्रीन. तीन उशांचे अभ्रे कपड्यांनी भरून त्यांची पोती केली. प्रत्येकाला चिठ्ठी बांधली, तीही मावशीने सांगितल्याप्रमाणे खालच्या बाजूला, ओली होऊन चिकटलेली. चौदा किलो सहाशे, नऊ किलो साडेतीनशे, एकोणीस किलो शंभर. भांडी घासायचे रबरी मोजे मावशीने हातात चढवले आणि नळाखाली भिजवून घेतले. भिंगरी मोठ्याने आकडे मोजायला बसली.

मावशीने मोजे काढले, हात धुतले, पहिलं पान भरलं. पहिलं वजन भरलं. दुसरं आठवेना. मग मोजे चढवून पोत्यापाशी गेली, कारण मळक्या पोत्याला उघड्या हाताने शिवायचं नाही. वाकली, चिठ्ठी उलटली, वाचली. परत येऊन मोजे काढू लागली, आणि भिंगरी म्हणाली, “वीस.” आणि पहिलं पान लावलं.

“पुन्हा,” भिंगरी म्हणाली.

दुसऱ्या खेपेला उजवा मोजा निघाला तेवढ्यात वीस झाले. तिसऱ्या खेपेला मावशी हात पुसत होती. भिंगरीने पान फिरवलं, तेव्हा तिला दारात कामावरून लवकर परतलेली आई दिसली. खांद्यावरची पिशवीसुद्धा तिने खाली ठेवली नव्हती. ती किती वेळ उभी होती कोण जाणे. तिने तोंड उघडलं. ती काय म्हणणार होती, तर ‘ताई, अगं वजनं आधीच बघून घ्यावीत ना.’ पण भिंगरीने ओठांवर बोट ठेवलं, आणि मग खुर्चीवर बसून दोन्ही हात मांडीखाली दाबून दाखवले.

आई तिच्या शेजारी बसली. हात मांडीखाली घेतले. आणि आपण आखलेल्या स्क्रीनपुढे आपली थोरली बहीण कशी वाकते, उठते, वाकते, हे तिने आणखी तीनदा पाहिलं. तोंडातून चकार शब्द काढला नाही. मागे मी म्हणालो होतो ना, की हा नियम ऐकायला सोपा आहे?

मग मावशी खुर्चीत टेकली आणि सगळं बाहेर आलं. मुकादमबाई, शनिवार, घड्यांचं दालन. वजनं आधी बघून ठेवायची तिनेही शिकस्त केली होती. पण तीन पोती, तीन वजनं, शिवाय ग्रॅम. मोजे काढून हात धुवेपर्यंत एखादं तरी सांडायचंच. आणि मळक्या बाजूला टिपून ठेवायला कागद-पेन्सिल नेता येत नाही.

“मग बाकीच्यांना कसं जमतं?” आईने विचारलं.

मावशीने ओला मोजा गुडघ्यावर पसरून नीट सपाट केला. बराच वेळ केला.

“त्या बारा टाकतात,” ती म्हणाली. “बारा, बारा, बारा. पोत्याकडे बघायचंच नाही. वेळेत होतं.”

“आणि तू?”

“अगं छोटे, वजन कमी सांगितलं की यंत्र औषध कमी घेतं. चादर दिसायला पांढरीशुभ्र निघते. पण तिच्यावर टाके घातलेलं पोट टेकणार असतं कुणाचं तरी. मी बारा टाकू?”

आई उठली. तिने मावशीच्या हातातला मोजा घेतला आणि दोरीवर वाळत टाकला. वाळत टाकताना, पाठमोरीच, ती म्हणाली, “ताई, अंगणच वाकडं आहे. आणि आखलंय मी.”

गुरुवारी आईने कंपनीत धुलाईघराची नोंद उघडली. तोवर वजनांची ती नोंद कुणी उघडलीच नव्हती, कारण तक्रार नव्हती. पानामागून पान बारा, बारा, बारा. मध्येच कुठेतरी चौदा सहाशे, नऊ साडेतीनशे अशी खरीखुरी वजनं, आणि ती सगळी दोन नंबरच्या यंत्रावरची. प्रोग्रॅमरला सगळे कासव म्हणत, कारण तो प्रत्येक गोष्ट दोनदा वाचायचा. त्याने ही यादी दोनदा वाचली. चष्मा काढून पुसला. म्हणाला, “ही वजनं नाहीत. ही सवय आहे.”

कंपनीतल्या साहेबांचं म्हणणं वेगळं होतं. पंधराजणींची तक्रार नाही आणि एकीसाठी आता सगळं उकरायचं का, असं त्यांनी विचारलं. साहेबही थकलेले होते, आणखी दोन कामं त्यांच्या डोक्यावर होती. आईने वाद घातला नाही. तिने घरून आणलेली पुठ्ठ्याची स्क्रीन, तीन अभ्रे आणि रबरी मोजे त्यांच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाली, एकदाच करून बघा. साहेबांनी पाच वेळा केलं. सहाव्या वेळी घड्याळाकडे बघून, पोत्याकडे न बघता त्यांनी बारा टाकले. मग स्वतःच हात थांबवला आणि खुर्चीत मागे टेकले.

आईने एवढंच मागितलं, की इस्पितळाला कळवताना कुणा बाईचं नाव जाऊ नये. बारा टाकायला त्यांना स्क्रीननेच शिकवलं होतं. आणि दुरुस्ती? ती फार मोठी नव्हती. वीसची अट तशीच ठेवायची. स्क्रीन झोपली तर झोपू दे. पण त्याच माणसाने ओळखपत्र टेकवलं की जिथे झोपली तिथेच जागी व्हावी, भरलेलं जसंच्या तसं ठेवून. कासव म्हणाला, हे आधी कुणी सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. आता लिहिलेलं उकलून पुन्हा विणायला दोन दिवस गेले, आणि दुसऱ्या दिवशी त्याला डबा खायलाही सवड झाली नाही. शुक्रवारी संध्याकाळी नवा प्रोग्रॅम सगळ्या यंत्रांत चढला, आणि तो दोनदा तपासूनच कासव घरी गेला.

शनिवारी मुकादमबाई वही घेऊन दोन नंबरपाशी उभ्या राहिल्या. मावशीने पहिलं वजन भरलं. मोजे घातले, पोत्यापाशी गेली, वाकली, वाचलं, आली. मोजे काढले, हात धुतले. स्क्रीन काळी झालेली होती. तिने ओळखपत्र टेकवलं. दुसरं पान उघडलं, आणि त्यावर पहिलं वजन होतं. तसंच. तिने दुसरं भरलं, पुन्हा गेली, पुन्हा आली, तिसरं भरलं. यंत्र फिरू लागलं. मुकादमबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, स्टुलाकडे बोट दाखवलं आणि तीन नंबरकडे गेल्या. बदलीचं नाव पुन्हा निघालं नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक-दोघी त्यानंतरही सवयीने बाराच टाकत राहिल्या. सवय लागायला पंधरा दिवस पुरतात, सुटायला जास्त लागतात. मावशी घरी आली, पाय उशीवर ठेवले आणि डोळे मिटून म्हणाली, “आज त्या स्क्रीनने मला ओळखलं.” आणि तशीच झोपून गेली.

रविवारी दुपारी आई जेवणाच्या टेबलाशी बसली होती. नवीन काम आलं होतं. त्याच इस्पितळाच्या स्वच्छ बाजूला, जिथे वाफाळलेले कपडे यंत्रातून बाहेर काढतात, तिथे लावायची स्क्रीन. या वेळी कासवाने एक ओळही लिहिलेली नव्हती. रंगारणीला आधी विचारा, असं साहेबच म्हणाले होते. आईने पानं काढून ओळीने मांडली. डोळ्यांखाली काळं आलं होतं, पण बटणं छान आखली होती. तिने भिंगरीला हाक मारली आणि म्हणाली, “बघ, या वेळी किती सोपं केलंय. चार सेकंदांत होतं.” आणि कोरड्या बोटाने टकटक करून दाखवलं.

भिंगरीने पानांकडे पाहिलं. टेबलाकडे पाहिलं. आईच्या हाताकडे पाहिलं.

मग ती स्वयंपाकघरात गेली. दोरीवरचे मोजे काढले, गरम पाण्याच्या नळाखाली चांगले भिजवले आणि निथळते तसेच आणून आईपुढे धरले. आईने ते निमूटपणे हातात चढवले. तेव्हा भिंगरी समोरच्या खुर्चीवर बसली, दोन्ही हात मांडीखाली दाबले, आणि मनातल्या मनात मोजायला लागली.